विझणाऱ्या उजेडाची साक्ष
(नभोवाणीवरील भाषण)



दुकानदारानें हातीं आलेली पांचशें रुपयांची नोट जांभळट दिव्याखालीं धरून पाहावी, हें दृश्य आपणां शहरवासीयांच्या सरावाचें झालें आहे. त्या दिव्याच्या प्रकाशापैकीं बराचसा भाग डोळ्यांना दिसतच नाहीं. परंतु नोटेवरील क्रमांक आणि तिच्या कागदांत विखुरलेले बारीक तंतु मात्र त्याखालीं एकाएकीं उजळतात. न दिसणारा जंबुपार प्रकाश गिळावयाचा आणि त्याच्या बदल्यांत दिसणारा प्रकाश परत करावयाचा, हा कांहीं पदार्थांचा स्वभावधर्म आहे. त्यास शास्त्रीय मराठींत अनुस्फुरण असें म्हणतात. शब्द जरा जड आहे खरा, पण त्यावांचून आज आपलें चालावयाचें नाहीं. मात्र मला या पदार्थांच्या उजळण्यापेक्षां त्यांच्या विझण्याविषयींच अधिक बोलावयाचें आहे. एखादें रसायन हवेंत आहे हें आपल्या नाकाला कळत नाहीं, आणि न कळल्यास माणसाचा पाय किंवा प्राण जातो. असें रसायन ओळखण्याकरितां प्रकाशमान पदार्थ मुद्दाम कसे रचले जातात, आणि त्यांच्या साक्षीवर कितपत विसंबावें, हा आजचा विषय आहे.

अनुस्फुरणाची कथा कोयनेलापासून सुरू होते. हिंवतापावरील हें कडू औषध आपल्या आजोबापणजोबांच्या पिढीला पुरतें ठाऊक होतें. कोयनेलाचें पाण्यासारखें स्वच्छ द्रावण उन्हांत धरलें असतां त्याच्या पृष्ठभागाशीं एक सुंदर निळी झांक दिसते, असें सर जॉन हर्शेल यांनीं १८४५ सालीं नमूद केलें. ती कोठून येते याचा उलगडा केंब्रिजच्या जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनीं १८५२ सालीं केला. त्यांनीं सूर्यप्रकाश लोलकांतून नेऊन त्याचे रंग अलग केले, आणि द्रावणाची नळी एकेका रंगांतून पुढें सरकवीत नेली. तांबड्यांत कांहीं घडलें नाहीं, पिवळ्यांत नाहीं, हिरव्यांत नाहीं. जांभळा रंगही सरत आला, पुढें नुसता अंधार. आणि त्या अंधारांत गेल्यावर नळी निळ्या प्रकाशानें उजळून निघाली! डोळ्यांना जेथें कांहींच दिसत नव्हतें तेथें प्रकाश होता, व कोयनेल त्याचें दृश्य प्रकाशांत रूपांतर करीत होतें. फ्लुओरस्पार नांवाच्या खनिजावरून या गुणाचें इंग्रजी नांवही स्टोक्स यांनींच ठेविलें.

आतां याच कोयनेलाचा दुसरा गुण पाहा. बाजारांत टॉनिक वॉटर म्हणून जें कडवट पेय मिळतें, त्यांत कोयनेलाचा अंश असतो. नोटा तपासण्याच्या दिव्याखालीं तें निळें चमकतें. त्यांत चमचाभर साधें मीठ विरघळवा; चमक मंदावते. कोयनेल कोठें गेलेलें नाहीं, दिवाही तोच आहे. मग घडलें काय? प्रकाश गिळलेला रेणु फार थोडा काळ, एका सेकंदाच्या कांहीं अब्जांश भागाइतकाच, उत्तेजित स्थितींत असतो, आणि खालीं उतरतांना ती शक्ति प्रकाशरूपानें टाकून देतो. परंतु तेवढ्या अवधींत मिठांतील क्लोराइड त्याला येऊन भिडलें, तर ती शक्ति प्रकाश न होतां उष्णतेंत जिरून जाते. दिवा विझतो. म्हणजे दिवा विझला, यावरूनच कोणी पाहुणा येऊन गेला हें कळतें. रासायनिक पाहणीची एक मोठी पद्धति या एवढ्याशा गोष्टीवर उभी आहे.

तथापि मीठ आपण चमचाभर घातलें होतें. जेथें पाहुण्याचे रेणु अब्जांत पांचदहाच असतात, तेथें ही युक्ति कशी चालावी? आणि प्रश्न नेमका तसाच होता. ट्रायनायट्रोटोल्युईन, म्हणजे ज्यास आपण टी.एन.टी. म्हणतों तें स्फोटक, भूसुरुंगांत फार वापरलें गेलें आहे. साध्या उष्णमानाला त्याची वाफ इतकी विरळ असते कीं, हवेच्या एक अब्ज रेणूंमागें तिचे जेमतेम पांचदहा रेणु सांपडावयाचे, आणि तेही स्फोटकाच्या अगदीं लगतच्या हवेंत. सुरुंग मातींत पुरलेला असला म्हणजे मातीच बराचसा वांटा शोषून घेते. पूर्वीं सुरुंगाचें कवच लोखंडाचें असे, म्हणून धातुशोधक यंत्र पुरत असे. पुढें प्लॅस्टिकचे सुरुंग निघाले, त्यांत धातु नांवापुरताच राहिला. तें यंत्र मग एक तर गप्प बसतें, किंवा प्रत्येक खिळ्यापाशीं आणि पत्र्याच्या तुकड्यापाशीं ओरडतें. कंबोडिया, अंगोला, अफगाणिस्तान, बोस्निया या देशांत युद्धें संपल्यावरही शेतांत उतरणारीं माणसें पाय गमावीत राहिलीं, त्याचें एक कारण हें. आपल्याकडेही २००१-०२ सालीं पंजाब-राजस्थानच्या सीमेवर सुरुंग पेरले गेले, आणि पुढें ते उचलतांना आपल्याच जवानांना इजा झाल्या. या कामीं सर्वांत विश्वासू साधन म्हणजे शिकविलेला कुत्रा. पण कुत्रा थकतो, उन्हानें बेजार होतो, त्याचा मालक बदलला कीं त्याचें मन लागत नाहीं, आणि त्याला काय वास आला हें तो आपल्याला सांगूं शकत नाहीं. म्हणून १९९७ च्या सुमारास अमेरिकेच्या संरक्षण खात्यांतील डार्पा या संस्थेनें कुत्र्याच्या नाकाची बरोबरी करणारें यंत्र शोधण्याचा एक मोठा उपक्रम हातीं घेतला.

त्या उपक्रमाला जें उत्तर सर्वांत उपयोगी पडलें, त्याचें मूळ त्याआधींच सांपडलेलें होतें, आणि तें सुरुंगांसाठीं मुळींच शोधलेलें नव्हतें.

येथें बहुवारिकांविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. बहुवारिक म्हणजे पॉलिमर. एकाच जातीचे लहान रेणु हातांत हात घालून जी लांबच लांब सांखळी बनवितात ती. कापसाचा धागा, रबर, नायलॉन, पॉलिथीनची पिशवी, हीं सारीं बहुवारिकेंच. पॉलिथीनच्या सांखळींतील इलेक्ट्रॉन आपापल्या जागीं जखडलेले असतात, म्हणून तें वीज वाहूं देत नाहीं व चमकतही नाहीं. परंतु सांखळींतील कार्बनचे बंध आलटूनपालटून एकेरी व दुहेरी असे ठेविले, तर इलेक्ट्रॉनांना सांखळीच्या लांबीभर हालचाल करण्यास वाव मिळतो. अशा बहुवारिकांतून वीज वाहूं शकते हें हीगर, मॅकडायर्मिड व शिराकावा या त्रयीनें १९७७ सालीं दाखविलें, व त्याबद्दल त्यांस २००० सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांतलीं कांहीं बहुवारिकें उत्तम प्रकारें चमकतात, हा गुण आपल्या आजच्या कथेच्या कामाचा आहे.

पेनसिल्व्हानिया विद्यापीठांत टिमथी स्वॅगर नांवाचे तरुण प्राध्यापक होते. त्यांनीं आणि त्यांचे सहकारी चिन् झोउ यांनीं १९९५ सालीं एक साधा दिसणारा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनीं एक चमकणारा रेणु घेतला व त्याला एक खोबण बसविली. त्या खोबणींत पॅराक्वाट नांवाच्या तणनाशकाचा रेणु नेमका बसतो, आणि बसतांच दिवा विझतो. हें विष आपल्या देशांतही शेतांत फवारलें जातें, आणि पोटांत गेल्यास त्यावर उतारा नाहीं. येथवर नवें कांहीं नव्हतें. एक पाहुणा आला, एक दिवा विझला. झोउ व स्वॅगर यांनीं मग अशाच खोबणींचे अनेक रेणु एका सांखळींत ओंवले आणि पुन्हां तोच प्रयोग केला. आतां तेवढ्याच पॅराक्वाटनें साठपटींहून अधिक परिणाम घडविला.

हें कसें झालें? पुष्कळ लेखक येथें दिव्यांच्या माळेचा दाखला देतात. गणपतीच्या मखरावर पूर्वीं जी बारीक दिव्यांची माळ सोडीत, तिच्यांतील एक दिवा गेला कीं सबंध माळ अंधारी होई. तसेंच हेंही, असें म्हणतात. दाखला सुटसुटीत आहे, पण मला तो पुरता पटत नाहीं. माळेंत तार तुटते. येथें कांहींच तुटत नाहीं. मला त्याऐवजी मुंबईची चाळ आठवते. लांब गॅलरी आहे, शंभर खोल्यांचीं दारें तिच्यावर उघडतात, आणि एक खोडकर पोर त्या गॅलरींत येथून तेथें धांवत आहे. सारीं दारें बंद असतील तर तें धांवधांव धांवून शेवटीं जिन्यावरून खालीं येतें. तेंच आपल्या प्रकाशाचें बाहेर पडणें. पण शंभरांतील एकच दार उघडें असलें, तरी पोर तेथवर पोंचतें, आंत शिरतें, आणि बाहेर येतच नाहीं. सांखळीनें गिळलेली प्रकाशशक्ति अशीच एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर फिरत असते. खोबणी शेंकडों आहेत. पाहुणा त्यांतील एकींतच बसलेला आहे. परंतु ज्या दुव्यांवर कोणी बसलेलें नाहीं त्यांची शक्तिसुद्धां फिरत फिरत त्याच्याच हवालीं होते. एका रेणूच्या येण्यानें अनेक दिवे एकदम मालवतात, तें यामुळें.

अर्थात् पोराच्या धांवण्यालाही मर्यादा आहे. उत्तेजित स्थितीचें आयुष्य या बहुवारिकांत सेकंदाच्या एक अब्जांश भागाहूनही कमी असतें. तेवढ्यांत जितकें अंतर तोडतां येईल तितकेंच उपयोगाचें. म्हणून सांखळी वाटेल तितकी लांबविली तरी एका हद्दीपलीकडे लाभ वाढत नाहीं, हेंही त्याच प्रयोगांत दिसून आलें. मला हा भाग विशेष मोलाचा वाटतो. कल्पना खरी असेल तर ती कोठवर खरी आहे हेंही तींतूनच निघालें पाहिजे. आणि येथें तें निघालें.

टी.एन.टी.पर्यंत पोंचण्यास मात्र आणखी एक अडचण ओलांडावयाची होती. द्रावणांत भिजलेल्या सांखळ्या सुट्या तरंगतात. पण हवा हुंगावयाची तर बहुवारिकाचा कोरडा, पातळ थर कांचेवर द्यावा लागतो. चमकणाऱ्या बहुवारिकांच्या सांखळ्या सपाट असतात. कोरड्या झाल्या कीं त्या वखारींतील फळ्यांप्रमाणें एकमेकींवर घट्ट बसतात, व त्यामुळें दोन तऱ्हेनें नुकसान होतें. एक तर त्या एकमेकींचाच प्रकाश मारतात. आणि दुसरें, बाहेरच्या वाफेला आंत शिरण्यास फटही उरत नाहीं. स्वॅगर १९९६ सालीं मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्येच्या सुप्रसिद्ध संस्थेंत आले. तेथें त्यांनीं व जे-शेन यांग यांनीं सांखळीच्या दुव्यादुव्यांतून पेंटिप्टिसीन नांवाचे आडदांड, ताठ, पंखे फुटल्यासारख्या आकाराचे गट बसविले. फळ्यांची रास जशी घट्ट बसते तशी बाभळीच्या फांद्यांची मोळी कधीं बसेल काय? कितीही आंवळली तरी तींतून वारा खेळतोच. या नव्या बहुवारिकांच्या थरांत तशीच पोकळी राहिली. सांखळ्या अलग राहिल्या म्हणून प्रकाशही शाबूत राहिला, आणि टी.एन.टी.चे चपटे रेणु त्या पोकळींत सहज शिरूं लागले. हें काम १९९८ सालीं प्रसिद्ध झालें.

टी.एन.टी. दिवा कां विझवितें, तेंही सांगतो. त्याच्या रेणूवर तीन नायट्रो गट असतात, आणि ते इलेक्ट्रॉनांचे मोठे हावरे. बहुवारिकाची निवड अशी केलेली असते कीं उत्तेजित झाल्यावर तें इलेक्ट्रॉन देण्यास राजी असतें. घेणारा आणि देणारा एकत्र आले, इलेक्ट्रॉन हातोहात गेला, प्रकाश राहून गेला. यांगनें केलेल्या थराची जाडी अवघी अडीच नॅनोमीटर, म्हणजे मिलीमीटरचे दहा लाख भाग करून त्यांतील अडीच. इतक्या पातळ थरावर टी.एन.टी.ची ती विरळ वाफ पडतांच अर्ध्या मिनिटांत सुमारें निम्मा प्रकाश गेला. थर जाड केला तर वाफेला खोलवर शिरण्यास वेळ लागतो व उत्तर सावकाश मिळतें. दागिन्यावर सोन्याचें पाणी जितकें जाड तितकें चांगलें हा आपला घरगुती हिशेब येथें उलटा पडतो.

ओक्लाहोमा प्रांतांतील स्टिलवॉटर गांवच्या नोमॅडिक्स नांवाच्या कंपनीनें यावरून हातांत धरण्याजोगें यंत्र बनविलें. आंतून बहुवारिकाचा लेप दिलेली कांचेची बारीक नळी, तिच्यांतून हवा ओढणारा पंप, नळी उजळविणारा एक लहान दिवा, आणि तिची चमक मोजणारा एक विजेचा डोळा, बस्स, एवढेंच. त्याला नांव ठेविलें फायडो. आपण कुत्र्याला मोती म्हणावें, तसें तिकडे फायडो म्हणतात. पुरलेल्या सुरुंगांवर त्याची परीक्षा झाली. पुढें इराकच्या युद्धांत अमेरिकन सैन्यानें तें नाक्यांवर तपासणीसाठीं आणि यंत्रमानवांच्या हातीं देऊन वापरलें. स्वॅगर यांना २००७ सालीं लेमेल्सन-एम.आय.टी. हें पांच लक्ष डॉलरांचें पारितोषिक मिळालें. दरम्यान २००५ सालीं त्यांच्याच गटानें व्लादिमिर बुलोविच यांच्या साहाय्यानें असें दाखविलें कीं, याच जातीच्या थरांतून लेसर प्रकाश निघूं लागेल अशा बेतानें त्याला उत्तेजन दिलें, तर संवेदनशीलता तीसपटींहून अधिक वाढते.

इतकें ऐकल्यावर सुरुंगांचा प्रश्न सुटला असें कोणास वाटेल. तो सुटलेला नाहीं. यंत्र नाक्यावर, मोटारीच्या दारावर, माणसाच्या हातावर चांगलें चालतें, कारण स्फोटक हाताळणाऱ्याच्या अंगावर त्याचे कण राहतात. शेतांत मात्र वास सुरुंगाच्या डोक्यावरच असेल असा नेम नाहीं; पावसाच्या पाण्याबरोबर तो वावभर दूर वाहून जातो, कोरड्या मातींत अडकून बसतो. सुरुंगांतून बाहेर येणाऱ्या वाफेंत तर टी.एन.टी.पेक्षां त्यांत भेसळ म्हणून राहिलेलें डायनायट्रोटोल्युईनच पुष्कळदां अधिक असतें. आजही जमीन साफ होते ती मुख्यतः धातुशोधक घेऊन गुडघ्यांवर पुढें सरकणाऱ्या माणसांकडून, आणि कुत्र्यांकडून.

याहून गंभीर गोष्ट अशी. विझणें ही साक्ष आहे, पण ती एकाच प्रश्नाची साक्ष आहे. दिवा विझला तर कोणी इलेक्ट्रॉनांचा हावरा आला असेल. किंवा नुसता बहुवारिकाचा थर प्रकाशानें जुना झाला असेल, कारण हे पदार्थ हवेंत व उजेडांत हळूहळू नासतात. ही एका बाजूची चूक झाली. तिनें फार तर आपला वेळ जातो. दुसऱ्या बाजूची चूक प्राणावर बेतते. दिवा विझला नाहीं, याचा अर्थ ज्या पाहुण्यासाठीं तो रचला तो पाहुणा आला नाहीं, एवढाच. दुसरा कोणी आलाच नाहीं असें तो दिवा कधींच सांगत नाहीं.

मुंबईकर श्रोत्यांना याचें उदाहरण परदेशांत शोधावें लागणार नाहीं. १२ मार्च १९९३ रोजीं या शहरांत जे स्फोट झाले व ज्यांत २५७ माणसें दगावलीं, त्यांत आर.डी.एक्स. वापरलें होतें. आर.डी.एक्स. ही टी.एन.टी.हून निराळी चीज आहे. त्याच्या रेणूंत तें चपटें बेंझिनचें कडें नाहीं, इलेक्ट्रॉनांची हांवही तितकी तीव्र नाहीं. आणि त्याची वाफ टी.एन.टी.च्या वाफेच्याही सुमारें हजारपट विरळ असते. टी.एन.टी.साठीं रचलेला थर त्याच्यापुढें जवळजवळ आंधळा ठरतो. यंत्र चोख असेल, हाताळणारा प्रामाणिक असेल, आणि तरीही उत्तर चुकीचें येईल; दोष असेल तो केवळ प्रश्न निराळा विचारल्याचा.

म्हणून शास्त्रज्ञ उलट वाटेनेंही गेले. विझणाऱ्या दिव्याऐवजी लागणारा दिवा रचावा, असा तो विचार. अंधाऱ्या खोलींत एक पणती लागलेली डोळ्यांत भरते. शंभर पणत्यांतील एक विझलेली कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. २००३ सालीं स्वॅगर यांच्याच प्रयोगशाळेंतून अशी रचना पुढें आली कीं, मज्जातंतूंवर आघात करणाऱ्या युद्धवायूंच्या जातीचें रसायन तिला भेटलें म्हणजे तिच्या रेणूंत एक नवें कडें जुळतें आणि चमकेचा रंगच बदलतो. रंग बदलणें हें नुसत्या मंद होण्याहून पुष्कळ खात्रीचें, कारण थर जुना झाल्यानें चमक कमी होईल, पण ठरलेला नवा रंग आपोआप उगवणार नाहीं. २००७ सालीं त्रिशा अँड्र्यू व स्वॅगर यांनीं आर.डी.एक्स.साठींही तसा उपाय सुचविला. त्यांत एक न चमकणारा रेणु उजेडांत आपला हायड्रोजन आर.डी.एक्स.ला देऊन टाकतो व स्वतः चमकूं लागतो. हें बहुवारिक नव्हे, एकटा लहान रेणु आहे. त्यामुळें चाळीच्या गॅलरीचा लाभ त्याला नाहीं. दोन्ही गुण एकाच रचनेंत आणणें हें काम कठीण आहे, आणि त्यावर अनेक देशांत खटपट चालू राहिली आहे.

विमानतळावर आपल्या पिशवीवरून कापडी पट्टी फिरवून ती यंत्रांत घालतात, तें यंत्र बहुधा निराळ्या तत्त्वावर चालतें. तेथें रेणूंना विद्युत्भार देऊन त्यांचा वेग मोजतात. त्याची आणि आपल्या बहुवारिकाची गल्लत करूं नये.

आपल्या प्रांतांतही या विद्येचा एक धागा आहे. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेंत सुजित घोष यांच्या प्रयोगशाळेनें २०१३ सालीं धातूचे अणु आणि कार्बनयुक्त दुवे यांची एक सच्छिद्र, चमकणारी जाळी तयार केल्याचें प्रसिद्ध झालें. सांखळीऐवजी येथें तिन्ही दिशांना पसरलेली जाळी आहे, म्हणजे एका मजल्याच्या चाळीऐवजी अनेक मजल्यांची. पाहुणा आहे पिक्रिक आम्ल. पिवळ्या रंगाचें, पाण्यांत विरघळणारें, एके काळीं रंगाऱ्यांनीं रेशमासाठीं वापरलेलें, आणि टी.एन.टी.च्याच कुळांतील स्फोटक. पुण्याच्या जाळीची विशेष गोष्ट अशी कीं, टी.एन.टी. व इतर भाऊबंद समोर असतांनाही ती पिक्रिक आम्लालाच ओळखून विझते. हवेंतील वाफ हुंगण्याऐवजी विहिरीचें किंवा ओढ्याचें पाणी तपासावयाचें असेल, तेथें अशा पदार्थाचा उपयोग आहे. कारण स्फोटकांच्या कारखान्यांलगतच्या पाण्यांत हें आम्ल उतरलें तर तें सहजासहजीं नाहींसें होत नाहीं, आणि तें पाणी पिणाऱ्याला त्याचा पिवळा रंग दिसण्याच्या आधींच तें ओळखलें जाणें इष्ट आहे.